२६/११ नंतरचे भारत-पाकिस्तान संबंध : पुराव्याचा प्रश्न

दहशतवादविरोधी सहकार्य म्हटले की आपल्याला शिखर परिषदा आणि संयुक्त निवेदने आठवतात. प्रतिस्पर्धी शेजाऱ्यांमध्ये हे सहकार्य नेमके कुठे अडते, हे मात्र मुंबई हल्ल्याच्या खटल्यातून अधिक स्पष्ट होते.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हवाना येथे मनमोहन सिंग आणि परवेझ मुशर्रफ यांनी संयुक्त दहशतवादविरोधी यंत्रणा उभारण्याचे ठरवले. तिची पहिली बैठक मार्च २००७ मध्ये इस्लामाबादला झाली. तरीही २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला टळला नाही. त्यात १६६ जणांचा बळी गेला. त्या दिवशी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत होते, तर भारताचे गृहसचिव चर्चेसाठी पाकिस्तानात होते.

५ जानेवारी २००९ रोजी भारताने पुराव्यांची कागदपत्रे पाकिस्तानला दिली. १२ फेब्रुवारीला, कटाचा काही भाग आपल्या भूमीवर रचला गेल्याचे पाकिस्तानने मान्य केले आणि तेथे खटलाही उभा राहिला. राजनयाचे हे मोठे यश होते.

पुढची अडचण कायद्याची होती. आरोपी पाकिस्तानात आणि साक्षीदार मुंबईत! म्हणून मार्च २०१२ मध्ये पाकिस्तानचा न्यायिक आयोग मुंबईत आला. कसाबचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या न्यायदंडाधिकारी, तपास अधिकारी आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांचे जबाब त्याने घेतले. मात्र दोन्ही सरकारांत ठरल्याप्रमाणे उलटतपासणीला परवानगी नव्हती. परिणामी तेथील दहशतवादविरोधी न्यायालयाने आयोगाचा अहवाल पुरावा म्हणून नाकारला. सप्टेंबर २०१३ मध्ये आयोग पुन्हा आला, तेव्हा उलटतपासणी झाली. एका अटीपायी दीड वर्ष गेले. दरम्यान, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी कसाबला येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली होती. डिसेंबर २०१४ मध्ये पाकिस्तानातील प्रमुख आरोपी झकी-उर-रहमान लख्वी याला जामीन मिळाला.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. एका देशाने दिलेली माहिती दुसऱ्या देशाच्या न्यायालयात आपोआप पुरावा ठरत नाही. त्यासाठी साक्ष कशी घ्यायची, हे आधी ठरवावे लागते. आणि इच्छाशक्ती नसेल, तर हीच कार्यपद्धती विलंबाची सबब होऊ शकते. या खटल्यात कार्यपद्धतीची अडचण किती आणि टाळाटाळ किती, हे वरील तारखांच्या आधारे तुम्हीच तपासून पाहा.