सात मार्चचा सौदा

डॅनियल वेबस्टर. हे नाव आपल्यातल्या फार थोड्यांनी ऐकलं असेल. माणूस मोठा होता म्हणून सांगत नाही. त्याच्या मतदारांनी त्याचं काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे म्हणून सांगतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचा हा सिनेटर. जबरदस्त वक्ता. त्याची भाषणं शाळेतली पोरं पाठ करायची. १८२० साली प्लिमथला गुलामांच्या व्यापारावर यानं कोरडे ओढले. १८३७ ला न्यूयॉर्कमध्ये भर सभेत सांगितलं, गुलामीचा मुलूख वाढवायला माझा पाठिंबा कधीच मिळणार नाही. लोकांनी ते काळजात ठेवलं. लोक ठेवतातच. पुढारी विसरतो.

मेक्सिकोशी लढाई करून अमेरिकेनं प्रचंड जमीन गिळली होती. तिथं गुलामी चालणार की नाही, यावरून उत्तर-दक्षिण जुंपली. दक्षिणेतले मळेवाले फुटून निघायची धमकी देत होते. हेन्री क्ले या सिनेटरनं तडजोड काढली. कॅलिफोर्निया बिनगुलामीचं राज्य होईल, आणि त्याच्या बदल्यात पळालेले गुलाम पकडून द्यायचा कडक कायदा होईल. ७ मार्च १८५० ला वेबस्टर उठला आणि तीन तासांहून जास्त बोलला. सुरुवातीलाच म्हणाला, मी मॅसॅच्युसेट्सचा म्हणून नाही, उत्तरेचा म्हणून नाही, अमेरिकन म्हणून बोलतोय. दोस्तांनो, ज्यांनी पाठवलं त्यांचं नाव सोडून पुढारी एकदम अख्ख्या देशाचं नाव घ्यायला लागला, की आपण कान टवकारावेत. पुढं त्यानं सांगितलं, पळालेल्या गुलामांबाबत दक्षिणेची तक्रार रास्त आहे, चूक उत्तरेची आहे. गुलामीविरोधी संस्थांनी काही भलं केलेलं नाही. नव्या मुलुखात गुलामीबंदीचा कायदाही नको, तिथली हवा-जमीनच ती येऊ देणार नाही.

कायदा सप्टेंबरात झाला. तो काय होता हे नीट बघा. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता यायची नाही. ज्यूरी नाही. निकाल देणारा कमिशनर, त्याची फी अशी: माणूस गुलाम ठरवून परत पाठवला तर १० डॉलर, सोडला तर ५. मदत करणाऱ्याला १००० डॉलर दंड आणि सहा महिने कैद. हा कायदा मंजूर झाला तेव्हा वेबस्टर मतदानाला सिनेटमध्ये नव्हता. जुलैतच तो परराष्ट्रमंत्री होऊन बसला होता!

हे का झालं, याची उत्तरं पुष्कळ देतात. देशाची एकी, राष्ट्राध्यक्षपदाची हाव. असेल. मी गिरणीत साच्यावर काम करणारा माणूस, माझी नजर पहिली कापसाकडं जाते. मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेल नावाचं गिरणगाव होतं. तिथं दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस यायचा. बारा-तेरा तास राबणाऱ्या पोरी तो विणायच्या. त्यातलंच जाडंभरडं कापड परत दक्षिणेत जायचं, गुलामांच्या अंगावर घालायला. त्या कापडाला 'लोवेल' असंच म्हणत. म्हणजे धागा इथून तिथं, तिथून इथं, आणि दोन्ही टोकांना मालक. बॉस्टनचे शेठ वेबस्टरला पैसा पुरवायचे. कर्जबाजारी माणूस, घेतही होता. भाषणानंतर बॉस्टनच्या शेकडो बड्या लोकांनी सह्या करून त्याचे जाहीर आभार मानले. ते निराश झाले नव्हते.

निराश झाले ते बाकीचे. कवी व्हिटियरनं 'इकाबॉड' ही कविता लिहिली, जिवंत माणसाचं सुतक धरावं तशी. मीही कविता करतो, तिची ताकद मला कळते. पण तीत गुलाम कुठंच नाही. आपला देव पडला याचं दुःख आहे, आणि तो पडला कुणाच्या अंगावर, याचा पत्ता नाही.

ज्यांच्या अंगावर पडला त्यांना रडायला सवड नव्हती. एलन आणि विल्यम क्राफ्ट हे जोडपं १८४८ ला जॉर्जियातून पळालं होतं. एलननं गोऱ्या मालकाचा वेष घेतला, नवरा तिचा गुलाम झाला. ऑक्टोबर १८५० मध्ये पकडणारे थेट बॉस्टनला आले. लोकांनी त्यांना पिटाळलं, तरी क्राफ्टना इंग्लंड गाठावं लागलं. १५ फेब्रुवारी १८५१ ला शॅड्रॅक मिंकिन्स या वेटरला धरून कोर्टात आणलं. बॉस्टनचे काळे लोक कोर्टात घुसले आणि त्याला उचलून घेऊन गेले! तो कॅनडात पोचला. वेबस्टर म्हणाला, हा देशद्रोह आहे. खटले भरले, पण एकालाही शिक्षा झाली नाही.

पुढच्या वेळी सरकार तयार होतं. एप्रिलमध्ये थॉमस सिम्सला पकडलं तेव्हा कोर्टाला लोखंडी साखळीनं वेढलं. न्यायाधीशसुद्धा वाकून साखळीखालून आत गेले. १२ एप्रिलला पहाटे शेकडो शिपायांच्या पहाऱ्यात त्याला जहाजावर चढवलं. सव्हानात भर चौकात ३९ फटके.

आता मतदारांचं. तेव्हा सिनेटर थेट लोक निवडत नसत. लोक आमदार निवडायचे, आमदार सिनेटर. थेट निवडणूक १९१३ नंतरची. म्हणजे राग काढायला मधला दरवाजा उघडावा लागे, आणि तो त्यांनी उघडला. नोव्हेंबर १८५० मध्ये वेबस्टरच्या व्हिग पक्षाचं विधिमंडळातलं बहुमत गेलं. होरेस मान या काँग्रेस सदस्यानं वेबस्टरवर उघड टीका केली होती. पक्षानं त्याचं तिकीट कापलं, लोकांनी त्याला पक्षाशिवाय निवडून दिलं. मग वेबस्टरच्या जागेसाठी विधिमंडळात महिनोन्‌महिने मतदान चाललं. गुलामीचा प्रसार रोखणारे फ्री सॉइलवाले आणि डेमोक्रॅट यांची युती होती, तीही कुरकुरत. २६ व्या फेरीत, एका मतानं, चार्ल्स समनर निवडून आला. तारीख २४ एप्रिल १८५१. सिम्सला जहाजावर चढवून बारा दिवस झाले होते.

युती म्हणजे तडजोडच की, असं कुणी म्हणेल. होय. पण तिची किंमत युती करणाऱ्यांनी आपल्या पक्षाच्या खिशातून दिली. वेबस्टरनं दिली ती क्राफ्टच्या, सिम्सच्या अंगातून. मला एवढाच फरक बघता येतो. आपल्याकडची नावं मी घेत नाही. तुमच्या मनात आलीच असतील, त्यांनाही हीच पट्टी लावा.

वेबस्टरला काय मिळालं? १८५२ च्या व्हिग अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी ५३ फेऱ्या झाल्या. ज्यांच्यासाठी इमान विकलं, त्या दक्षिणेनं त्याला एक मत दिलं नाही. ऑक्टोबरात तो वारला.

पुढं १९५६ साली त्याच राज्याचा सिनेटर जॉन केनेडी यानं धाडसी सिनेटरांवर पुस्तक काढलं, त्यात वेबस्टरचं हे भाषण धाडस म्हणून घातलं. युक्तिवाद असा की त्यामुळं युद्ध दहा वर्षं लांबलं, उत्तरेला बळ आलं. लांबलं खरं. १८५० च्या शिरगणतीत ३२ लाख गुलाम होते, १८६० ला ३९ लाखांवर. त्या दहा वर्षांचा हिशोब कुणी त्यांना विचारून मांडला होता का?

गुलामी १८६५ ला कायद्यानं गेली. जोतीबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती ती मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या लोकांत मी कोर्टात घुसलेल्या बॉस्टनकरांना धरतो. मिंकिन्स मात्र मॉन्ट्रियललाच राहिला. तिथं खाणावळ चालवली, न्हाव्याचं दुकान चालवलं, आणि १८७५ साली तिथंच वारला.