हट्टी धातु

१७९१ सालीं इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतांतील विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकास ओढ्याच्या काळ्या वाळूंत एक अपरिचित द्रव्य आढळलें. पुढें क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें त्यास ग्रीक पुराणांतील टायटन देवतांवरून टायटॅनियम हें नांव दिलें. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूंतहि तें आहे. परंतु शुद्ध धातु हातीं येण्यास १९१० साल उजाडावें लागलें.

पोलादाच्या निम्म्याहून थोडें अधिक वजन आणि गंज मुळींच नाहीं, असा हा धातु. त्याच्या अंगावर हवेनें आपोआप एक अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो, तेंच त्याचें चिलखत. विद्युत्प्रवाहानें हा पापुद्रा जाड करण्याच्या क्रियेस अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. जाडी बदलली कीं प्रकाशाच्या खेळानें पिवळा, जांभळा, निळा असे रंग उमटतात. रंगद्रव्य लागत नाहीं. मात्र बोटाचें तेल राहिलें तरी डाग पडतो. कारागीर विजेस दोष देतो आणि खोट असते धुण्यांत!

या हट्टी स्वभावाची खरी परीक्षा १९६० च्या सुमारास अमेरिकेंत झाली. कॅलिफोर्नियांतील बरबँक येथें लॉकहीड कंपनीचे केली जॉन्सन हे ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगानें उडणारें ए-१२ हें टेहळणी विमान बांधीत होते. त्या वेगांत हवेच्या घर्षणानें अंग असें तापे कीं अ‍ॅल्युमिनियमचा टिकाव लागेना. म्हणून जवळजवळ सारा सांगाडा टायटॅनियमचा करावा लागला.

आणि विघ्नें सुरू झालीं. तापविल्यावर बोल्टांचीं डोकीं गळून पडूं लागलीं. शोधाअंतीं कळलें कीं पान्यांवर कॅडमियमचा मुलामा होता व त्याचा अंश धातूस बाधत होता. ते पाने कारखान्यांतून हद्दपार झाले. पुढचें कोडें अधिक विलक्षण होतें. स्पॉट वेल्डिंगनें सांधलेले कांहीं पत्रे लवकर निकामी होत, तर कांहीं दीर्घकाळ टिकत. प्रत्येक भागाची नोंद ठेवलेली होती. ती चाळतां दिसलें कीं उन्हाळ्यांत सांधलेले पत्रे फुटतात, हिवाळ्यांतील टिकतात. धातु तोच, यंत्रें तींच. मग ऋतूचा संबंध काय? उत्तर नळाच्या पाण्यांत सांपडलें. उन्हाळ्यांत शेवाळ वाढूं नये म्हणून शहराच्या पाण्यांत क्लोरीन अधिक घालीत, आणि पत्रे त्याच पाण्यानें धूत. ऊर्ध्वपातित पाणी वापरूं लागतांच विघ्न टळलें. १९६२ च्या एप्रिलांत तें विमान उडालें.

या कथेंत धातु कोठेंहि अपराधी ठरला नाहीं. अपराधी ठरले पाने व पाणी, म्हणजे ज्यांच्यावर कोणाचाहि संशय जात नाहीं असे नित्याचे सोबती. त्यांस पकडून दिलें तें कोणा प्रतिभावंताच्या तर्कानें नव्हे, तर कंटाळा न करितां लिहिलेल्या नोंदवहीनें. रोजचें दप्तर नीट ठेवणाऱ्या माणसाचा मान इतिहासांत क्वचितच होतो. पण विमानें आकाशांत राहतात तीं त्याच्याच बळावर.