दोन पानं भर!

एसएटीची तयारी करताना मला मिळालेला पहिला सल्ला होता, “दोन्ही पानं भर. खरंखोटं कोणी बघत नाही.” अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाची ही परीक्षा मी २०१२ साली मुंबईत दिली. पंचवीस मिनिटांत निबंध. मी त्यात एक शूर पणजी घुसडली. अशी पणजी मला नव्हतीच. गुण छान मिळाले. पुढे अर्ज भरताना कळलं, की लेखनाचे गुण काही कॉलेजं विचारातच घेत नाहीत. मग ते मोजले कशाला?

उत्तर शोधायला कॅलिफोर्नियात जावं लागतं. २००१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी एसएटीची अट काढायचा प्रस्ताव मांडला. शाळेत जे शिकवतात ते या परीक्षेत दिसत नाही, असा त्यांचा आक्षेप. एवढं मोठं विद्यापीठ हातचं जाईल म्हटल्यावर कॉलेज बोर्डाने परीक्षाच बदलली. मार्च २००५ मध्ये लेखनाचा ८०० गुणांचा विभाग आला. एकूण गुण १६०० चे २४०० झाले.

त्याच वर्षी एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी बोर्डाचे नमुना निबंध पाहिले. न वाचता, नुसत्या लांबीवरून गुण दिले तरी ९० टक्क्यांहून अधिक वेळा ते बरोबर येतील, असं त्यांनी सांगितलं. तथ्य चुकलं तर गुण कापायचे नाहीत, असा नियमच होता.

गंमत म्हणजे, कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या यशाचा अंदाज तीन विभागांपैकी लेखनावरूनच सर्वांत चांगला येतो, असं बोर्डाच्या २००८ च्या अभ्यासात दिसलं. पण त्या विभागात निबंधाचा वाटा एक तृतीयांशाहून कमी; बाकी सगळे पर्यायी प्रश्न.

२०१६ मध्ये निबंध ऐच्छिक झाला आणि सुधारलाही. वेळ पन्नास मिनिटं, आणि दिलेला उतारा वाचून त्यातला युक्तिवाद तपासायचा. थापा मारायची सोय संपली. पण त्यासाठी वेगळे पैसे पडत. गरीब मुलांना ते जड जातं, म्हणून २०१८ मध्ये हार्वर्ड, येलसारख्यांनी निबंधाची अट काढली. जून २०२१ नंतर, काही राज्यांत शाळेतच होणारी परीक्षा सोडली, तर निबंध बंदच झाला.

कॉलेजातल्या माझ्या पहिल्या निबंधावर प्राध्यापकांनी लाल शाईत एवढंच विचारलं होतं, “हे कशावरून?” सतराव्या वर्षी परीक्षेने मला हे विचारलं असतं, तर ती पणजी जन्मलीच नसती.