हक्क आणि हत्यार

लॉर्ड लिटन याच्या कारकीर्दींत, इ. स. १८७८ च्या मार्च महिन्यांत, हिंदुस्थानांत दोन कायदे पाठोपाठ झाले. एकानें देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घातलें. दुसऱ्यानें परवान्यावांचून हत्यार बाळगणें हा गुन्हा ठरविला. पहिला कायदा फार काळ टिकला नाहीं. रिपनच्या अमदानींत तो रद्द झाला. दुसरा मात्र स्वराज्य येऊन पंधरा वर्षें लोटलीं तरी चालूच होता. त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली ती १९६२ च्या ऑक्टोबरांत. शाळेंतल्या इतिहासांत पहिल्याची हकीकत सविस्तर येते आणि दुसऱ्याची एका ओळींत बोळवण होते. वस्तुतः सामान्य माणसाच्या मनावर अधिक खोल वळ कोणी उमटविला असेल, तर तो या दुसऱ्यानेंच, असें आम्हांस वाटतें.

हत्यारांच्या या कायद्याचें खरें नवल कळावयास त्याच्या आधींचा एक कायदा शेजारीं ठेवून पाहिला पाहिजे. १८६० सालीं पीनल कोड मंजूर झालें. त्याचा मूळ मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील मंडळानें १८३७ सालींच सिद्ध केला होता. त्यांतील ९६ पासून १०६ पर्यंतचीं कलमें आत्मसंरक्षणाच्या हक्कासंबंधीं होतीं. स्वतःचा किंवा परक्याचाहि देह, तसेंच मालमत्ता, यांवर हल्ला झाल्यास प्रतिकार करण्याचा अधिकार प्रत्येकास त्यांनीं दिला. प्राणभय असेल, जबर दुखापतीचें भय असेल, स्त्रीच्या अब्रूवर घाला येत असेल, रात्रीं कोणी घर फोडीत असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा अधिकार पोंचत असे. मर्यादाहि होत्या. सरकारी अंमलदाराकडे दाद मागण्यास सवड असेल तर हा हक्क नाहीं. आणि बचावास लागेल त्याहून अधिक इजा करतां येणार नाहीं.

आपल्या लोकांना हें तत्त्व नवें नव्हतें. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उपसून अंगावर येणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा, बायको पळविणारा अशा सहा आततायींची यादी आपल्या स्मृतिग्रंथांत आहे. आणि आततायी चालून आल्यास तो गुरु आहे कीं ब्राह्मण आहे, हें न पाहतां त्याचा वध करावा, असें मनूनें म्हटलें आहे. टीकाकारांनीं पुढें त्याला पुष्कळ फांटे फोडले, तो भाग निराळा. गीतारहस्यांत टिळकांनींहि या आततायीचा ऊहापोह केला आहे. मेकॉलेच्या मंडळानें मसुद्याला जोडलेलें टिपण मात्र वाचण्याजोगें आहे. हिंदी लोक या हक्काचा दुरुपयोग करतील ही चिंता मसुदाकारांना नव्हती. दरवडेखोरांच्या टोळ्या लुटालूट करीत असतां येथील माणसें तें निमूटपणें सोसतात, याचाच त्यांना विषाद वाटे. म्हणून हक्काला बंधनें घालण्यापेक्षां लोकांच्या अंगचा मर्दपणा जागा करणें बरें, असा आपला हेतु त्यांनीं स्पष्ट लिहून ठेवला आहे. पेशवाई बुडून तेव्हां वीस वर्षेंहि झालीं नव्हतीं! ज्या मुलखाच्या फौजा अटकेपर्यंत गेल्या, त्यालाहि सरसकट हाच शेरा मिळावा, ही गंमत खरी.

मध्यंतरीं सत्तावन साल होऊन गेलें आणि मर्दपणाविषयींची सरकारची आस्था आटली. त्याच वर्षीं आणि पुन्हां १८६० सालीं शस्त्रांसंबंधीं कायदे झाले. लिटननें त्यांवर कळस चढविला. बिनपरवाना हत्यार सांपडल्यास तीन वर्षेंपर्यंत कैद. युरोपियन आणि युरेशियन यांना मात्र नियमांनीं माफी होती. कुर्ग प्रांतांतील कोडव लोकांनाहि माफी होती, कारण त्यांच्या राजनिष्ठेविषयीं सरकारची खात्री पटली होती. म्हणजे मारेकरी दारांत आला असतां त्याच्यावर उलटून वार करण्याचा हक्क एका पुस्तकांत शाबूत, आणि वार कशानें करावयाचा तें दुसऱ्या पुस्तकानें काढून घेतलेलें. हक्क सर्वांचा आणि हत्यार मेहेरबानीचें! ही मेहेरबानी कलेक्टर कचेरींतून मिळे, आणि तिच्यासाठीं अर्जदारास आपली गरज जेवढी, तेवढीच आपली निष्ठाहि पटवून द्यावी लागे. बैठकीच्या भिंतीवरची परवान्याची बंदूक ही मग संरक्षणाची वस्तु न राहतां मानाची वस्तु झाली. साहेबाशीं यजमानाचें बरें आहे, एवढेंच ती आल्यागेल्यास सांगे.

कायद्याचा मूळ हेतु बंड टाळण्याचा. तो किती साधला, याचें उत्तर वर्षाच्या आंतच महाराष्ट्रानें दिलें. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यांतील कारकून वासुदेव बळवंत फडके यांनीं रामोश्यांची टोळी जमवून १८७९ च्या फेब्रुवारींत धामारी गांव लुटलें. जुलैंत ते पकडले गेले आणि १८८३ सालीं एडनच्या तुरुंगांत वारले. त्यांच्या साथीदारांपैकीं कोणी परवान्यासाठीं कचेरींत गेला नव्हता, हें सांगावयास नकोच. पण या उदाहरणावरून कायदा निरुपयोगी होता असें म्हणणारे घाई करतात. ज्या गांवांवर असे दरवडे पडत, त्यांच्या हातीं बंदुका असत्या तर तीं सुरक्षित राहिलीं असतीं, असेंहि छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. बांधाच्या तंट्यांत कुऱ्हाडी निघतात, तेथें बंदुका निघाल्या असत्या. आमचा आक्षेप परवान्यावर नाहीं. परवाना माणसाची कातडी पाहून ठरे, यावर आहे. पहिल्या महायुद्धानंतर नियमांतला हा उघड वर्णभेद काढण्यांत आला, पण तोंवर चाळीस वर्षें उलटून गेलीं होतीं.

ही जखम किती सलत होती, तें पुढाऱ्यांच्या वर्तनावरून दिसतें. १८८७ सालीं, अवघ्या तिसऱ्या अधिवेशनांत, राष्ट्रसभेनें हा कायदा सौम्य करण्याची मागणी केली. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीसाठीं काढलेल्या पत्रकांत, एका अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा ठरेल, असें लिहिणारे गृहस्थ दुसरे कोणी नसून अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजीच होते. ज्यानें शस्त्र खालीं ठेवावयाचें, त्याच्या हातीं तें आधीं असावें लागतें, हें त्यांना इतरांपेक्षां अधिक कळत असावें. १९३१ च्या कराचीच्या ठरावांत तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा अधिकार मूलभूत हक्कांतच घातला गेला.

आणि मग राज्य आपलें झालें. १९४८ च्या डिसेंबरांत घटनासमितींत ह. वि. कामत यांनीं तोच हक्क घटनेंत घालण्याची उपसूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, आजच्या स्थितींत आग्रह धरावयाचा तो शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नव्हे, तर कर्तव्याचा. युद्ध किंवा बंडाळी उद्भवल्यास राज्याला प्रत्येक नागरिकास शस्त्र हातीं घेण्यास बोलावतां आलें पाहिजे. उपसूचना नामंजूर झाली. या उत्तरांत व्यवहार आहे. फाळणीच्या दंगलींतलें रक्त अजून वाळलें नव्हतें. अशा वेळीं घरोघर बंदूक देणारी घटना कोणत्या तोंडानें करावी? तथापि दारांत उभ्या असलेल्या आततायीचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. कर्तव्याचें बोलावणें राज्याकडून येणार. चोर तर न बोलावतां येतो.

१९५९ चा कायदा १९६२ पासून अमलांत आला. पीक राखणाऱ्या शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय त्यांत आहे, आणि कोंकणांत डुकरा-वानरांपुढें हात टेकलेल्या माणसाला तिचें मोल विचारावें. निवडणूक आली कीं अशा कित्येक बंदुका ठाण्यावर जमा कराव्या लागतात. डुकरें त्यासाठीं थांबत नाहींत. २०१९ सालीं एका माणसाजवळच्या बंदुकांची मर्यादा तिनावरून दोनांवर आली. कोडवांची माफी अद्यापि आहे. आत्मसंरक्षणाचीं कलमें २०२४ च्या जुलैपासून नव्या न्यायसंहितेंत ३४ ते ४४ या आंकड्यांखालीं गेलीं; मजकूर बहुतेक मेकॉलेच्याच वळणाचा राहिला. बंदूक मागणाऱ्यानें ती सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षण आधीं घेतलें पाहिजे, ही अट नियमांत आली ती २०१६ सालीं. त्यापूर्वीं सव्वाशेंहून अधिक वर्षें परवाना देतांना अर्जदाराची निष्ठा तपासली, ऐपत तपासली, चालचलणूक तपासली. त्याला नेम धरतां येतो कीं नाहीं, हें विचारण्याचें सरकारच्या मनांत आलें नव्हतें.