साथीतली बाळंतीण

मे २०२० च्या मध्यापर्यंत मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात कोरोनाबाधित आयांच्या पोटी ११५ बाळं जन्मली होती. धारावीला लागून असलेलं हे महापालिकेचं रुग्णालय. त्यांतल्या तीन बाळांची पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली आणि नंतरची निगेटिव्ह. दोन बायका मात्र दगावल्या.

पहिलटकरणीनं सातव्या महिन्यानंतर माहेरी जायचं, आईच्या हातचा डिंकाचा लाडू खायचा, शेकशेगडी घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या वर्षी एसटी थांबली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि कितीतरी लेकी जिथे होत्या तिथेच अडकल्या. कोरोनाबाधित बाळंतिणीजवळ तर आई, सासू, मावशी कुणीच नाही; दिसायचे ते फक्त पीपीई किटमधले डोळे. चीनमध्ये सुरुवातीला बाळाला आईपासून दूर ठेवत. जागतिक आरोग्य संघटनेनं उलट सांगितलं: मास्क लावा, हात धुवा, पण बाळ जवळ घ्या, अंगावर पाजा. हा सल्ला योग्यच ठरला.

साथ आणि गरोदरपण यांची गाठ काही तेव्हा पहिल्यांदा पडली नव्हती.

जून १९१८ मध्ये मुंबईत काही पोलीस शिपाई तापानं आजारी पडले; त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. गावोगाव ज्या साथीला लोक मानमोडी म्हणू लागले, त्या इन्फ्लुएन्झाची ही सुरुवात. दुसरी लाट सप्टेंबरात आली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ माणसं गेली. मरण सगळ्यांना सारखं नव्हतं. त्या काळच्या नोंदींत 'खालच्या जातीचे' म्हणून दाखवलेल्या लोकांत हजारी ६१ हून अधिक मृत्यू झाले, युरोपियनांत ८ च्या आसपास. बायका पुरुषांपेक्षा जास्त मेल्या, आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात जन्मही घटले. मेलेल्या बायकांपैकी किती जणी दोन जिवांच्या होत्या, ही मोजदाद कुणी ठेवली नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त सलते.

मोजदाद झाली ती अमेरिकेत. जॉन हॅरिस या डॉक्टरनं १९१९ मध्ये इन्फ्लुएन्झा झालेल्या १,३५० गरोदर बायकांची माहिती छापली. जवळपास निम्म्या जणींना न्यूमोनिया झाला होता, आणि न्यूमोनिया झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या मेल्या. पुढे २००३ मध्ये हाँगकाँगला सार्सची, म्हणजे कोरोनाच्याच भावंडाची, लागण झालेल्या १२ गरोदर बायकांच्या नोंदी आहेत. त्यांतल्या तिघी गेल्या.

कारणं शरीरातच आहेत. वाढतं गर्भाशय पोट आणि छाती यांमधला पडदा वर ढकलतं, ऑक्सिजनची गरज वाढते, रक्त लवकर गोठू लागतं, रोगप्रतिकारशक्तीचा तोल बदलतो. अशात फुप्फुसाला सूज आली की हाताशी राखीव ताकद फारशी उरत नाही.

तरीही २०२० च्या आरंभी वुहानमधल्या नऊ बाधित गरोदर बायकांच्या अनुभवावरून जगानं थोडा सुटकेचा निःश्वास टाकला होता. पुढचे आकडे वेगळंच सांगू लागले. अठरा देशांतल्या २,१३० बायकांच्या अभ्यासात बाधितांमध्ये रक्तदाबाचे त्रास आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती जास्त दिसल्या. बाळाला थेट लागण क्वचितच व्हायची; घाव बसायचा तो वारेवर. काही जणींची वार विषाणूनं इतकी निकामी केली की पोटातल्या बाळाला ऑक्सिजनच पोचेना. अमेरिकेत सप्टेंबर २०२१ पर्यंतच्या प्रसूतींत, बाधा नसलेल्या दर हजार बायकांमागे सहा-सात बाळं मृत जन्मली, बाधित हजारांमागे बारा-तेरा, आणि डेल्टा या विषाणूप्रकाराच्या काळात सत्तावीस.

आपल्याकडचा हिशेब या वेळी परळमध्ये झाला. तिथल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं राज्यातल्या रुग्णालयांकडून बाधित गरोदर आणि बाळंतिणींच्या नोंदी गोळा केल्या. १९१८ ला जे राहून गेलं, ते या नोंदवहीनं केलं. त्यावरच्या एका अभ्यासात पहिल्या लाटेतल्या १,१४३ जणी होत्या, दुसरीतल्या ३८७. लक्षणं असलेल्यांचं प्रमाण १४.२ टक्क्यांवरून २८.७ वर गेलं. मृत्यूंचं प्रमाण ०.७ वरून ५.७ टक्क्यांवर.

लस १६ जानेवारी २०२१ पासून मिळू लागली होती. पण तिच्या चाचण्यांत गरोदर बायका घेतल्याच नव्हत्या, म्हणून लसीच्या रांगेतही त्यांना जागा नव्हती. अंगावर पाजणाऱ्या आयांना मे महिन्यात मुभा मिळाली, गरोदर बायकांना २ जुलैला. एप्रिल-मेची लाट तोवर ओसरली होती.