चांदणी आणि रिंग

दिवाळीत केजला गेलो आणि आजोबांच्या ट्रकची चाकं रंगवायला घेतली. (कीबोर्ड बडवणाऱ्या हातांना घण झेपत नाही, हे पहिल्या तासातच कळलं!)

गाडी टाटा-मर्सिडीज. टाटांनी डाइम्लर-बेन्झशी १९५४ साली १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला हे ट्रक बनू लागले. १९६९ला करार संपला, जाळीवरची चांदणी गेली, तिथे 'टी' आला. आमच्या गाडीवर अजून चांदणी आहे. दसरा झाला की ती ऊसतोड मजुरांना घेऊन कारखान्यावर निघायची. हिशोब कोयत्यांचा, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लेकरं हिशोबात नाहीत, पण गाडीत असायचीच.

तारेच्या ब्रशने घासलं तर निळ्याखाली लाल, त्याखाली चंदेरी रंग निघाला. मग रेड ऑक्साइड मारला. फक्त रिंग बसते त्या खाचेत जाड थर नको. रिंग नीट बसली नाही तर हवा भरताना ती उडते, माणूस मारते. आजोबांच्या क्लीनरची दोन बोटं तशीच गेली. म्हणून ट्यूब, फ्लॅप, रिंग बसवून वर साखळी गुंडाळली.

हवा सुरू केली तसे आजोबा ओरडले, "म्होरं थांबू नको, बाजूला हो!"

सहापैकी एक चाक राहिलंय.