नोझलच्या टेबलावरून सेन्सरकडे

नाशिकमधल्या मोटार-दुरुस्तीचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं: कार्बोरेटर गेला तशी मिस्त्रीची विद्याही गेली, आता स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा, पार्ट बदलायचा. हा निष्कर्ष चुकीचा आहे. मंदावलेल्या ऑक्सिजन सेन्सरचं काम नीट पाहिलं तर त्याला लागणारी शिस्त कार्बोरेटरच्या कानाने केलेल्या ट्यूनिंगपेक्षा डिझेलच्या नोझल-तपासणीला जास्त जवळची आहे, आणि नोझल नाशिकला नवा नाही.

१९७०च्या आसपास सातपूरला मायकोचा कारखाना उभा राहिला आणि डिझेल इंजिनांचे नोझल, इंजेक्टर इथे बनू लागले. २००८मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, तरी तिथल्या चौकाचं नाव मायको सर्कलच राहिलं. महिंद्राच्या इथल्या कारखान्यातून बोलेरो, स्कॉर्पिओ निघाल्या. निफाड-पिंपळगावच्या द्राक्षपट्ट्यातले ट्रॅक्टरही डिझेलचेच. अशा मुलखात इंजिन काळा धूर ओकू लागलं की नोझल काढून टेस्टरवर चढवायचा. हातपंप दाबत जायचं, गेजचा काटा बघायचा, ठरलेल्या दाबाला नोझल उघडतो का, फवारा धुक्यासारखा बारीक पडतो का, थांबल्यावर टोकाशी थेंब लोंबतो का, हे तपासायचं. नोझल तिथे पास झाला तर दोष त्याच्यावर ढकलता येत नसे. एअर फिल्टर आणि पंपाचं टायमिंग बघावं लागे.

मायकोच्या मूळ जर्मन कंपनीचा, बॉशचा, ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून इंजिनाच्या संगणकाला मिश्रणाची खबर देणारा, १९७६मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा बसला. भारतात १९९५पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. कन्व्हर्टर आणि सेन्सर दोन्हींना मारक असं शिसेयुक्त पेट्रोल देशभरात २०००मध्ये बंद झालं. बीएस-४ या उत्सर्जन-मानकाची २०१०ची पहिली यादी मुंबई, पुणे, सोलापूरला घेऊन गेली, नाशिकला नाही. इथे ती सक्ती २०१७मध्ये देशाबरोबर आली. झिर्कोनियाचा सेन्सर साधारण साडेतीनशे अंशांना तापला की मिश्रण श्रीमंत (इंधन जास्त) असताना ०.९ व्होल्टच्या आसपास आणि गरीब (हवा जास्त) असताना ०.१च्या आसपास बोलतो. इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर धरलं तर ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर चांगल्या सेन्सरची रेषा दहा सेकंदांत कितीतरी वेळा उभी चढते, उभी उतरते. मंदावलेल्याची रेषा गोलसर होते. संगणकाला खबर उशिरा पोचते, मिश्रणाची दुरुस्ती उशिरा होते, मायलेज पडतं आणि कन्व्हर्टर विनाकारण तापतो.

यावर कोणी म्हणेल की पी-०१३३ हा कोड नेमकं हेच सांगतो, मग तपासायचं काय उरलं? कोड सांगतो की संदेश हळू आला. का हळू आला, ते सांगत नाही. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा आत ओढली जात असेल, हीटरची वायर जळाली असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. म्हणून आधी सायलेन्सर-लाइनची गळती आणि हीटरचा सप्लाय बघायचा. मग इनटेकमध्ये थोडा गॅस सोडून रेषा झटकन वर जाते का, आणि व्हॅक्यूमचा पाइप काढल्यावर झटकन खाली येते का, हे पाहायचं. यातल्या कुठल्याही बाजूला ती रेंगाळली तर सेन्सर दोषी. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जुन्या मिस्त्रीला मिलिव्होल्ट कुठे ऐकू येतात? खरंच येत नाहीत, आणि इथे कानाची थोरवी गाण्यात अर्थ नाही. पण नोझलचा दाबही कानाने कळत नव्हता. त्यासाठी गेज लागायचा. सेन्सरला स्कोप लागतो, एवढाच फरक.

सेन्सर धुऊन चालू करण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते, तिच्यावर भरवसा ठेवू नये. नुसती काजळी असेल तर ती गरम चालवून जळते. सिलिकॉन सीलंटची वाफ किंवा इंजिन ऑइलची राख टोकावर बसली असेल तर बदलण्यावाचून इलाज नाही. अशा वेळी जुन्या सेन्सरचं टोक हातात धरून बघावं. पांढुरकं असेल तर सिलिकॉन, तपकिरी चिकट थर असेल तर तेल. तेल पिणारं इंजिन तसंच ठेवून नवा सेन्सर बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.